दबलेल्या तुकडीचा नियम

“मामा, तुझी तुकडी मेली. उचल ती सोंगटी.”

मामाने उचलली नाही. षटकोनांच्या नकाशावर, कालव्यापलीकडच्या उघड्या मैदानात त्याची पुठ्ठ्याची सोंगटी होती. तो तिच्याकडेच बघत राहिला.

भाची युद्धाचे पटखेळ तयार करायची. हा तिचा चौथा. ती पाळण्यात असतानाच तिचे बाबा लढाईत मारले गेले. मामाही फौजेतलाच, आता निवृत्त. फौजेबद्दल तो घरात चकार शब्द काढत नसे. खेळापुरतं मात्र बोलायचा. म्हणून दर रविवारी दुपारी ती त्याला नियमांतल्या चुका काढायला बसवायची.

“इतकी माणसं गोळीने मरत नाहीत गं,” तो म्हणाला. “बहुतेक गोळ्या मातीतच जातात. गोळीबार माणसाला मारण्याआधी झोपवतो. एकदा तोंड मातीत गेलं, की हातपाय ऐकत नाहीत. बंदूक हातात असते, पण ती आपली वाटत नाही.”

भाचीला ते पटलं. तिने सोंगटी आडवी केली आणि वहीत लिहिलं : दबलेली तुकडी. हलणार नाही, गोळी झाडणार नाही.

“मग ती उठणार कशी? फाशावर सहा पडले की?”

“फाशाने कोण उठतंय? कुणीतरी जवळ यावं लागतं. कॉलर धरून उठवावं लागतं.” मामाने म्होरक्याची सोंगटी झाडीतून काढली आणि मैदानातून सरकवत आडव्या सोंगटीशेजारी नेऊन ठेवली.

तिने तेही लिहून घेतलं. मग पेन थांबलं.

“पण मामा, उघड्यावर चालणाऱ्यावर दुप्पट गोळीबार. हा नियम तूच घालायला लावलास ना?” तिने कागदावर भराभर आकडे मांडले. “हे बघ. छत्तीसपैकी सव्वीस वेळा तुझा म्होरक्या वाटेतच मरतो. एका पडलेल्या सोंगटीसाठी म्होरक्या घालवायचा? शहाणा खेळाडू तिला तिथेच सोडेल आणि पुढे जाईल.”

“सोडेल,” मामा म्हणाला.

“मग हा नियम वापरणार कोण? शुद्ध मूर्खपणाची चाल आहे ही.” तिने त्या ओळीवर आडवी रेघ मारली.

आतल्या खोलीत तिची आई कपड्यांना इस्त्री करत होती. मामाने उठून मधलं दार हळूच लोटून घेतलं. परत येऊन बसला. त्याचा आवाज इतका खाली आला, की भाचीला पुढे झुकावं लागलं.

“मूर्खपणाचीच होती, पोरी. मी मातीत पडल्या पडल्या घसा फोडून तेच ओरडत होतो... येऊ नका, भावोजी, येऊ नका.”