ताईचा चेहरा

"अरे, पाठलाग कशाला करतोस?" सायकल शर्यतीच्या मागून संघाची गाडी चालवत ताई रेडिओवर ओरडली. "पुढे गेलाय तो आपलाच माणूस आहे!"

रेडिओतून पुढे सायकल हाणणाऱ्या नवऱ्याचा आवाज आला. धापा टाकत, पण मागच्या स्पर्धकाला ऐकू जाईल असा. "तुझा भाऊ असेल तो. माझा कुणी नाही!"

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात रुमाल. मागच्या सीटवर सुटी चाकं मांडीवर घेऊन बसलेल्या सायकलींच्या मिस्त्रीने मान खाली घातली. कारण हे भांडण खोटं आहे, हे त्याला ठाऊक होतं.

संघ एक आणि म्होरके दोन. एक ताईचा नवरा, दुसरा ताईचा धाकटा भाऊ. भाऊ 'दाजी' म्हणतो म्हणून अख्खा संघ नवऱ्याला दाजी म्हणायचा आणि भावाला नुसतं धाकटा. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार, असं सगळे पेपरवाले लिहीत होते. तेव्हा या दोघांनी, राहत नाहीत असंच दाखवायचं ठरवलं.

ठरलं ते शर्यतीच्या आदल्या रात्री मिस्त्रीच्या ट्रकमध्ये, त्याच्यासमोर. चढावर दुसऱ्या संघाचा लंबू दोघांनाही भारी होता, म्हणूनच ही अनेक दिवसांची शर्यत तोच जिंकणार असं सगळे धरून होते. एकाने त्याला अडकवून ठेवल्याशिवाय दुसरा सुटणं शक्य नव्हतं.

"मी अडकवतो," धाकटा म्हणाला होता. "तुम्ही सुटा, दाजी. तुमचं शेवटचं वर्ष आहे."

"म्हणूनच तू सूट. मला सायकल खुंटीलाच टांगायचीय. तुझ्यामागे मी रागाने धावतोय असं वाटलं, तर लंबू माझ्या चाकामागे निवांत बसेल. दाजीच पकडेल त्याला, आपण कशाला दमायचं, म्हणेल." मग दाजीने आवाज खाली आणला. "फक्त हिला सांगायचं नाही. हिच्या तोंडावर सगळं दिसतं."

ते खरंच होतं. पत्त्यांत चांगलं पान आलं की ताई आधी हसायची आणि मग पान लपवायची. कुणाच्या वाढदिवसाचा गुपचूप बेत असला की सकाळपासून तिच्या गालांवरच तो वाचता यायचा.

त्यामुळे सगळी शर्यतभर दोघांच्या सायकली ट्रकच्या दोन टोकांना होत्या आणि दोघं जेवायला दोन वेगळ्या टेबलांवर. ताई हातात ताट घेऊन मध्ये उभी राहायची. तिने विषय काढला तरी दोघांच्या तोंडून एकमेकांबद्दल चकार शब्द निघायचा नाही. या बाईने संघातल्या प्रत्येकाची आजारपणं काढली होती, मिस्त्रीचंही काढलं होतं. तिला असं रडवायचं म्हणजे त्याला पाप वाटत होतं.

आणि आता शेवटचा दिवस, शेवटचा घाट; शर्यत संपणार होती ती त्याच्या शिखरावर. धाकटा वळणाआड दिसेनासा झाला होता. गाडीच्या पुढे दाजी आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटलेला लंबू. दाजी खांदे असे हलवत होता की आता डोंगरच उपटतो. गाडीच्या वेगाचा काटा मात्र हळूहळू उतरत होता. मिस्त्रीने तो पाहिला आणि देवाचं नाव घेतलं.

लंबूनेही काहीतरी ओळखलं असावं. त्याने दोनदा मान वर करून पुढचा रिकामा रस्ता पाहिला आणि आपल्या रेडिओत काहीतरी पुटपुटला. लगेच त्याच्या संघाची गाडी पुढे येऊन ताईच्या गाडीला समांतर झाली. आत त्यांचा टोपीवाला मॅनेजर होता, ताई स्वतः शर्यतीत उतरायची तेव्हापासून तिचा चेहरा वाचणारा. त्याला संशय आला, तर लंबू दाजीला ओलांडून सुसाट निघणार होता. मग धाकट्याचं जिंकणं गेलं आणि दाजीने आपलं शेवटचं वर्ष फुकट घालवलं.

इकडे ताईचे हुंदके थांबेनात. मिस्त्रीला राहवेना.

"ताई, नका हो रडू. अहो, ते दोघं..."

"तू गप बस रे! चाकं सांभाळ." असं म्हणून तिने टोपीवाल्याच्या बाजूची काच खाली केली. घाटातला गार वारा भसकन आत आला.

टोपीवाला तिच्याकडे बघतच राहिला. लाल नाक, सुजलेले डोळे, थरथरणारी हनुवटी. "काय गं हे?" तो म्हणाला.

ताईने नुसतं पुढे बोट दाखवलं.

टोपीवाल्याने हळहळून मान हलवली. रेडिओ तोंडाशी धरून म्हणाला, "बसून राहा मागेच. पेटलाय तो. पकडतोच बघ मेव्हण्याला."

लंबू पुन्हा दाजीच्या मागे निवांत बसला. त्याच्या लक्षात आलं तेव्हा शिखरावरच्या टाळ्या खाली ऐकू यायला लागल्या होत्या आणि शर्यत धाकट्याची झाली होती.

दोघं गाडीपाशी आले ते शाळेत उशिरा पोचलेल्या पोरांसारखे. धाकट्याच्या अंगावर विजेत्याची जर्सी, दाजीच्या अंगावर घामाचं मीठ.

"रागावू नकोस गं," दाजी म्हणाला. "सगळं नाटक होतं."

"तुला सांगितलं असतं ना ताई, तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं," धाकट्याने सारवासारव केली.

ताईने ओला रुमाल पिळला. "पहिल्याच दिवशी कळलं मला. खरे भांडलात की दोघंही माझ्याकडे चुगल्या घेऊन येता. या वेळी एकाने तरी आणली?"

मिस्त्रीच्या मांडीवरचं चाक उघड्या दारातून घरंगळत रस्त्यावर गेलं.

"म्हणजे मघाचं रडणं खोटं?" त्याने विचारलं.

"ओरडणं खोटं होतं. पण खोटं रडायला मला कुठे येतं?" ताईने दाजीच्या कपाळावरचं मीठ त्याच रुमालाने पुसलं. "नवरा आपली शेवटची शर्यत माझ्या भावाला देऊन टाकत होता. ते बघून रडू आवरेना. मी फक्त काच खाली केली."