आफ्रिकेतला सगळ्यात मोठा देश

“सुदान,” नंदाताई म्हणाल्या. तोंडात वरणभाताचा घास होता, तरी उत्तर ठाम. नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाई त्या, आता परदेशात मुलाकडे. समोर नात अंतरा सोमवारच्या क्विझची कार्डं घेऊन बसली होती. आफ्रिकेतला सगळ्यात मोठा देश कोणता, एवढंच तिने विचारलं होतं.

घास भरवणारी डेला थांबली.

“नाही टीचर,” ती म्हणाली. “सुदानचे दोन तुकडे झाले. आता सगळ्यात मोठे आम्ही.”

अंतराने कार्ड उलटून पाहिलं. “शी इज राइट, आजी. अल्जीरिया.”

सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या राजीवची बोटं जागच्या जागी थांबली. आठ महिन्यांपूर्वी आईची उजवी बाजू लकव्याने गेली तेव्हा या बाईला त्यानेच कामावर घेतलं होतं. पहिल्या दिवशी तिला गॅरेजमध्ये उभं करून बजावलं होतं, तू स्पेनची, दक्षिण स्पेनची. फदीला हे नाव या घरात नको, डेला म्हण. आईला मुसलमान बाईच्या हातचं चालणार नाही, तिने खाणं सोडलं तर तुला ठेवता येणार नाही. आम्हाला स्वतःला काही नाही हं, हेही वर सांगितलं होतं. आपल्या लोकांना हे वाक्य शिकवावं लागत नाही. फदीलाला काम हवं होतं. ती स्पॅनिश झाली. आठ महिने तिने जीभ सांभाळली, आणि आज सुदानने घात केला.

“तुमच्या गावाहून समुद्र कुठल्या दिशेला?” नंदाताईंनी विचारलं. तोंडी परीक्षेला विचारतात तसं, इंग्रजीत.

फदीलाने राजीवकडे पाहिलं.

“आई, आधी जेव ना. डाएटिशियनने काय सांगितलंय,” राजीव म्हणाला.

“मी तिला विचारतेय.”

“उत्तरेला,” फदीला म्हणाली.

आणि उन्हाळ्यातला गरम वारा? तो दक्षिणेकडून. मधे काय? मग फदीला थांबेचना. मधे डोंगर, म्हणाली, मार्च संपला तरी बर्फ असतं त्यांच्यावर. उतारावर ऑलिव्ह आणि अंजीर. तिची माणसं त्या डोंगरांत अरब यायच्याही आधीपासूनची, त्यांची भाषा वेगळी, आणि अरब म्हटलं की तिची आई अजून भांडायला उठते. डोंगरांपलीकडे पठार, खाऱ्या पाण्याची तळी, आणि मग वाळवंट. वाटीतल्या भाताचे तिने चमच्याने पाच भाग केले आणि चार बाजूला सारले. एवढी वाळू. तो वारा सुटला की दाराला ओली चादर टांगायची, तरी दातांखाली कचकच येते.

तिच्या चेहऱ्यावर असं तेज या घरात कुणी पाहिलं नव्हतं. कुणी काही विचारलंच नव्हतं. स्पेनचंसुद्धा नाही.

“दक्षिण स्पेनला समुद्र दक्षिणेला असतो, राजू,” नंदाताई मराठीत म्हणाल्या. “सातवीचा भूगोल आहे.”

राजीवने लॅपटॉप मिटला. “तुला चाललं नसतं, आई.”

“नसतंच चाललं. पहिल्या दिवशी वाटी ढकलली असती मी.” त्या जरा थांबल्या. अर्ध्या तोंडाने बोलताना त्यांना दम लागायचा. “पण ती लाज माझी असती. तू ती हिच्या गळ्यात बांधलीस.”

व्हॉट इज गोइंग ऑन, म्हणून अंतराने दोनदा विचारलं.

मराठी फदीलाला समजलं नाही. बाकी सगळं समजलं. तिने चमचा वाटीत ठेवला, वाटी टेबलावर ठेवली, हात पुसले आणि उभं राहून राजीवला विचारलं, “उद्या कुठली होऊन येऊ?”

राजीवने सवयीने आईकडे पाहिलं.

नंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फदीलाला तिचं खरं नाव विचारलं. वाकड्या ओठांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा नीट जमलं.

मग त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं, आणि वाट पाहिली.

फदीला अजून उभीच होती.