बटण कुठं बसवायचं

मेकॅनिक क्लॅरीनं गाडीच्या चाकांचे दोन्ही लॉकर बाकावर शेजारी शेजारी मांडले, चिंधीनं पुसले आणि म्हणाला, "घे मर्व, ठरव आता. एकदा डिफरन्शियलच्या पोटात बसवला की मी काही तो परत उपसून देणार नाही."

मर्व वाकून बघत होता. कधी या लोखंडावर हात फिरवी, कधी त्या.

"घोडा घ्यायला आलायस का रे? दात काय चाचपतोस?"

मर्वची मुलगी नरेल दाराशी टेकून उभी होती, बापाच्या पाठीकडे बघत. लॉकर कोणता हा प्रश्न तिच्या दृष्टीनं दुसरा होता. पहिला प्रश्न, बाप अजून किती दिवस गाडी चालवणार. तो तिनं अजून तोंडाबाहेर काढला नव्हता.

ऑस्ट्रेलियातल्या कूपर नदीच्या फाट्याफाट्यांमधून मर्व टपाल नेतो. पत्रं, औषधं, पाव, पंपाचे सुटे भाग. तिथली काळी माती कोरडी असली की लोखंड, भिजली की लोणी. एक चाक लोण्यात गेलं की इंजिनाचं सगळं बळ त्याच चाकात उधळतं, आणि घट्ट जमिनीवरचं चाक रुसल्यासारखं गप्प उभं राहतं. लॉकर दोघांना एका दाव्याला बांधतो. फिराल तर दोघं फिरा.

एक प्रकार आपोआप बांधतो. चालवणाऱ्यानं काही करायचं नाही. वळणावर जरा खडखड करतो, गाडीचं शेपूट झटकतो, एवढंच. दुसऱ्याला बटण. त्यात चिखल आधी दिसला पाहिजे, वेळेवर बटण दाबलं पाहिजे, आणि पलीकडे गेलं की सोडलं पाहिजे.

आधी दिसला पाहिजे. नरेलचा जीव तिथंच अडकला होता.

त्या मुलखात समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तेवढाच नमस्कार, आणि तो पुरतो. गेल्या महिन्यात मर्वनं रस्त्याकडेच्या गंजक्या पाण्याच्या टाकीला बोट उचललं. नरेल शेजारीच होती. पुढच्या फेरीला त्यानं एका वळूला बोट उचललं, आणि वळू ढिम्म राहिला तेव्हा पुटपुटला, "काय माजलेत लोक!" ती हसली. हसता हसता तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

शेजारी बसणाऱ्यानं उतरून रस्त्यातली कुरणांची फाटकं उघडायची, गाडी गेली की लावायची, ही तिथली रीत. आई गेल्यापासून फाटकं नरेलची. एकदा तिनं विचारलं होतं, "डॅड, आज मी चालवू?"

"मग फाटकं कोण उघडेल? गाई?"

विषय तिथंच मिटला होता.

"डॅड, आपोआपवाला घे," ती आता म्हणाली. "डोक्याला ताप नको."

मर्वनं दुसऱ्या लॉकरवर हात ठेवला. "बटणवाला."

"पण डॅड..."

"ज्याला पुढचं दिसत नाही त्यानं आपोआपवाला घ्यावा, नरेल. दिसतं त्याला बटण."

आता बोलायलाच हवं होतं. क्लॅरीसमोर, बापाचा पाणउतारा झाला तरी. पुढच्या पावसात गाडी कुठल्या ओढ्यात नाक खुपसून पडेल, आणि आपण फावडं घेऊन कुणाला उकरून काढत असू, ते तिला लख्ख दिसत होतं. तिनं ओठ उघडले.

तोवर क्लॅरी गाडीत चढला होता. मर्वच्या जागेवर बसून त्यानं हात लांब केला आणि रेडिओच्या पार पलीकडे बोट टेकवलं.

"बटण इथं देतो. झोपेतसुद्धा तुझा हात बरोबर इथं येईल."

"तिथं नको," मर्व म्हणाला. "तिचा हात तिथवर पुरत नाही."

क्लॅरीचं बोट तिथंच राहिलं. "कुणाचा?"

"चालवणार तिचा." मर्वनं टोपी काढली, आत काही हरवल्यासारखं बघितलं, पुन्हा डोक्यावर ठेवली. "खाली उतर तू. नरेल, ये इकडं. बस. हात लांब कर बघू."

ती बसली. कित्येक वर्षांत जागची न हललेली सीट करकरत पुढं आली. नरेलनं हात लांब केला. क्लॅरीनं खडूनं खूण केली. तिच्या बोटांखाली, अगदी अलगद.

"कधी ठरवलंस हे?" तिनं विचारलं.

"ठरलं कधीच होतं. तू विषय काढशील म्हणून थांबलो होतो."

"आणि मी, तू काढशील म्हणून."

"झालं!" क्लॅरी म्हणाला. "दोन चाकं, आणि दोन्ही गप्प उभी. अरे, तुमच्या घरालाच एक लॉकर बसवून देऊ का?"

मर्व हसला नाही. बॉनेटवर हात टेकत टेकत गाडीला वळसा घालून तो पलीकडे गेला. डावीकडचं दार उघडलं, आत बसला, काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि पाय सैल सोडले.

"इथून बरं दिसतं की गं," तो म्हणाला.