मन्याचे कंबरडे

सन दोन हजार चोवीसच्या कार्तिकातील एका सोमवारी सकाळी, बेळगावच्या वडगाव भागातील आपल्या माग-कारखान्याच्या दारात तम्मण्णा उभे होते, आणि त्यांच्या हातांत त्यांचा बोका विव्हळत होता.

मन्याचे मागचे दोन्ही पाय निर्जीव लोंबत होते. पाच वर्षांचा धष्टपुष्ट बोका. त्याच्या धाकाने सुताकडे उंदीर फिरकत नसे. पहाटेच तो दूध प्यायला होता. आता तो पुढच्या पायांवर धड ओढत मधल्या भिंतीपलीकडून आला होता. पलीकडे किशनचे चार माग होते. जागा तम्मण्णांची, भाडेकरू किशन. भिंतीच्या बुडाशी भगदाड होते आणि मन्या ती भिंत मानत नव्हता.

परवाच चौघांदेखत किशन म्हणाला होता, "अण्णा, तुमचं बोकं परत माझ्या ताण्यावर झोपलं तर कंबरडं मोडतो बघा त्येचं."

मागावर ताणलेले साडीचे उभे धागे मन्याच्या नखांनी तुटले होते, हे खरे. त्या वेळी सगळे हसले, तम्मण्णाही हसले. परंतु राग येणे निराळे आणि मुक्या जीवावर हात टाकणे निराळे. पहिल्याला कारण पुरते. दुसऱ्याला कोणतेही कारण पुरत नाही. तुटल्या धाग्याला गाठ मारता येते. कण्याला मारता येत नाही.

"किशन, फुडं ये."

किशन पुढे आला. खांद्याला साड्यांची रिकामी पिशवी, चपलांवर रस्त्याची धूळ.

"ह्येचं कंबरडं कुणी मोडलं?"

"मला काय ठावं, अण्णा? मी आत्ता—"

किशन बोलता बोलता थांबला. पलीकडच्या दारात त्याची सून मनिषा उभी होती. मागांवर साचलेले सुताचे तूस झाडायची लांब काठी ती पाठीमागे लपवू पाहत होती.

किशनने पिशवी खाली ठेवली. "मीच मारलं," तो म्हणाला.

"का?"

"ताण्यावर झोपला हुता."

"परवा बोललास, आज करून दावलंस. शब्दाचा लई पक्का की रं तू."

तम्मण्णांनी भिंतीपलीकडे बोट दाखवले.

"माग काढ माझ्या जाग्यातनं. आजच."

"अण्णा, लग्नाची साडी हाय मागावर. अर्धी झालीया. तेवढी उतरू द्या."

विणकरांच्या गल्लीत अपुरी साडी कोणी कापत नाही. वैऱ्याचीही नाही. तम्मण्णांच्या घरात तीन पिढ्यांत तसे घडले नव्हते. त्यांनी बोका जमलेल्या शेजाऱ्यांपैकी एकाच्या हाती दिला, स्वतःची कात्री आणली आणि त्या साडीचा ताणा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कापला. धागे सुटून दोन्हीकडे लोंबले. तम्मण्णांना त्याचा पश्चात्ताप वाटला नाही. अन्यायाच्या तुलनेत ही शिक्षा सौम्यच आहे, असे त्यांचे ठाम मत होते.

"आता जनावरांच्या दवाखान्यात चल. डॉक्टरबाईंच्या म्होरं हेच सांग. लिहून घेतो आणि पोलिसांत देतो."

मनिषा न सांगता मन्याला टोपलीत घेऊन रिक्षात बसली. मन्या तिच्या मांडीवरच जरा शांत झाला.

डॉक्टर सौम्या यांनी आधी वेदना शमवणारे इंजेक्शन दिले आणि मन्याला आत नेले. तम्मण्णा पाठोपाठ गेले. बाहेरच्या बाकावर सासरा आणि सून उरले.

"मामा, निपाणीला साड्या देऊन तुमची गाडी तर आत्ता आली, मग—"

"लौकर आली."

"मी नुसती काठी आपटली हुती. त्यो उडी मारून पडला, आणि मग वराडायलाच लागला. माझा धक्का लागला का काय, मलाच कळंना."

"तू गप बस, बाळ. झालं ते झालं."

आत तम्मण्णा डॉक्टरांना समजावत होते, की प्रकरण उघड आहे, आरोपी बाहेर बसला आहे आणि केवळ 'मारहाण' हा शब्द लिहायचा बाकी आहे.

डॉक्टरांनी नाडी शोधायला मन्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटे टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग पंजे चाचपले. "मागचे पाय गार आहेत. नखं निळसर पडलीत."

"मार लागल्यावर गारच पडणार."

"हा कधी तोंड उघडून धापा टाकायचा का?"

"टाकायचा की. जरा पळाला की कुत्र्यावानी जीभ भाईर. पोरं हसायची."

"उंचावर चढायचा?"

"आधी वरच्या फळीवर झोपायचा. चार-सहा म्हैने झालं, सोडलंय त्यानं. आळशी झालाय. खाली ताण्यावरच पसरतोय."

डॉक्टरांनी कण्याचा एक्स-रे काढला. नंतर छातीवरचे केस कातरून त्यांनी सोनोग्राफीचे यंत्र टेकवले.

तम्मण्णांचा संयम संपला. "बाई, मोडलीया कंबर आणि तुम्ही छाती बघताय. कुणीबी शहाणा माणूस सांगंल, दुखणं कुठं हाय ते."

"बाहेरच्यांना आत बोलवा," डॉक्टर म्हणाल्या.

किशन आणि मनिषा आत येऊन भिंतीशी उभे राहिले. डॉक्टरांनी पडदा तिघांकडे वळवला.

"मणके शाबूत आहेत. हे हृदय. याची भिंत जाड झाली आहे. हे एका दिवसाचं काम नाही. आत रक्ताची गुठळी धरली, ती सुटून वाहत आली आणि मागच्या पायांना रक्त नेणाऱ्या धमनीत अडकली. म्हणून पाय गेले."

"पण त्यानं कबूल केलंय," तम्मण्णा म्हणाले. "चौघांदेखत. इचारा की त्याला."

किशन मनिषाकडे पाहत होता.

"कबूल कोणी काहीही करो," डॉक्टर म्हणाल्या. "याला कोणीही मारलेलं नाही."