तीन पडदे

पुण्याहून उत्कर्ष फोनवर म्हणायचा, "बाबा, कंपनी घरून काम करू देते. पण आपल्या मेडशीत नेट कुठंय?"

"कोनतं लागते, तेवढं सांग मले," म्हणत देवमननं घरी नेट घेतलं.

मग उत्कर्ष म्हणाला, "एका लॅपटॉपवर भागत नाही बाबा. जोडीला दोन मोठे मॉनिटर लागतात."

कसे लागतात ते विचारून घेऊन देवमन तालुक्याला, मालेगावला गेला. लॅपटॉपला वायर लावायची जागा एकच असते असं दुकानदार म्हणाला, म्हणून दोन्ही मॉनिटर जोडायची डबीही त्यानं घेतली. एसटीत एक खोकं मांडीवर, एक पायांत धरून तो घरी आला. त्याच्या बायकोनं, भागिरथानं दोन्ही मॉनिटरवर ठेवणीतली चादर पांघरली आणि लेक येईपर्यंत त्या खोलीत सोयाबीनचं एक पोतं ठेवू दिलं नाही.

उत्कर्ष सुट्टीत आला. वायरी जोडून खुर्चीत बसला, तसे तिन्ही पडदे उजळले. माउसचा बाण पहिल्या पडद्यातून निघून सरळ तिसऱ्यात पोचला, तेव्हा भागिरथा लहान पोरीसारखी हसली.

"आता इथूनच काम करशीन ना बाबू?"

उत्कर्षनं माउस सोडला आणि खुर्चीत मागं टेकून पाहिलं.

"केलं असतं गं आई. पण या खुर्चीत पाठ दुखते."

 

खुर्ची कशी लागते, हे देवमननं विचारलं नाही.