लोण्याचा गोळा

"डबा आण गं, सरू," एस्तेरबाई सुनेला म्हणाल्या.

सरोजिनी जागची हलली नाही. कृष्णात फोटोग्राफरनं स्टँडवर कॅमेरा चढवला होता. आमोसनं, तिच्या नवऱ्यानं, चर्चला जाताना बांधलेला टाय फोटोसाठी तसाच ठेवला होता. दारातला कामट्यांचा, पतंगी कागदाचा तारा वाऱ्यानं फडफडत होता. कोपऱ्यात गोठा सजला होता. छपराला उसाचं पाचट, भोवती कापसाचं बर्फ. कोल्हापुरात बर्फ गोळेवाल्याच्या गाड्यावरच बघायला मिळे, पण नाताळ म्हटल्यावर ते हवंच. मातीची मरिया, योसेफ, मेंढरं, तीन राजे, सगळे जागच्या जागी. मधली गव्हाणी तेवढी रिकामी.

ती रिकामीच असायची. चर्चहून आल्यावर थोरल्या बाईनं डब्यातलं बाळ गव्हाणीत ठेवायचं आणि लगेच फोटो काढायचा, अशी त्या घरची रीत. म्हणून तर इतके दिवस कुणाला पत्ता लागला नव्हता. येईल तो म्हणे, "काय झ्याक गोठा केलाय सुनंनं!" की सरोजिनी रिकाम्या गव्हाणीतलं पाचट उगाच सारखं करी.

तिचा हा पहिला नाताळ. लग्न रजिस्टर झालेलं. कागलला माहेरचं दार बंद. चर्चच्या बायका एस्तेरबाईंना तिच्यादेखत म्हणाल्या होत्या, "परक्यातली आणलीस खरी, आता बघ काय काय दावती ती." एस्तेरबाई काहीच बोलल्या नव्हत्या. एरवीही त्या कमीच बोलत. जन्मभर दवाखान्यात सुईणीचं काम केलेलं, त्यामुळं ओरडायचं काम दुसऱ्यांनी करायचं अशी सवय. पण न बोलणाऱ्या माणसाचीच जास्त भीती वाटते.

एस्तेरबाई बहिणीकडं मिरजेला गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मूर्ती पुसून ठेवाव्यात म्हणून सरोजिनीनं डबा उघडला. बाळाचा उजवा हात कोपरापासून तुटलेला. खंडित मूर्ती घरात ठेवू नये, घराला लागतं, हे ती कळतं तेव्हापासून ऐकत आली होती. आमोसची नोकरी कायम का होत नाही, तेही तिला त्याच क्षणी कळलं. घरात कुणाला सुचू नये याचंच तिला नवल वाटलं. तिनं हळदकुंकू घेतलं, शेवंतीचं फूल घेतलं आणि थेट पंचगंगेचा घाट गाठला.

घरी येऊन पाय धुतले आणि सहज भिंतीकडं बघितलं. नाताळचे फोटो ओळीनं टांगलेले, दर वर्षीचा एक. १९५१ पासून पुढं प्रत्येक फोटोत बाळाचा हात तुटकाच होता. त्यावर कुणीतरी दर वर्षी पाचटाची एक काडी हळूच पांघरली होती.

एस्तेरबाई मिरजेहून परतल्यावर ती रोज त्यांच्यापुढं जाऊन उभी राहायची. सांगायला तोंड उघडायची, आणि "आत्याबाई, चहा टाकू?" एवढंच बाहेर यायचं. शेवटी कुंभाराकडनं शाडू आणला. बाळ घडवलं, चुलीमागं वाळवलं, रंगवलं. निळा रंग द्यायचा मोह तेवढा आवरला. मग जुन्याच फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं.

"अगं, आण की. कृष्णात ताटकळलाय."

तिनं डबा आणला. त्यांच्या पुढ्यात ठेवला. एस्तेरबाईंनी फडकं सोडलं.

बाळ गुटगुटीत होतं. एक गुडघा टेकून रांगत होतं. उजवा हात वर, आणि हातात पांढरा गोळा.

कृष्णात वाकून बघायला आला. "बाई, ह्यो तर गोकुळातला!"

आमोस आढ्याकडं बघू लागला.

"आमचा कुठाय?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"पंचगंगेत." सरोजिनी म्हणाली. "हात मोडका होता, आत्याबाई. मला वाटलं, घराला लागंल. फूल वाहून सोडला. मला म्हाईत न्हवतं."

एस्तेरबाई भिंतीपाशी गेल्या. १९५१ च्या फोटोवर त्यांनी बोट टेकवलं. "दात येत व्हते ह्याला. चावून चावून मोडला हात," त्या म्हणाल्या. आमोसनं मान खाली घातली.

एस्तेरबाई फोटोकडं तोंड करून तशाच उभ्या राहिल्या. त्यांची पाठ तेवढी दिसत होती. सरोजिनीनं मनातल्या मनात आपली ट्रंक भरायला घेतली.

"सोडताना काय म्हणालीस?"

"आँ?"

"पाण्यात सोडताना. तोंडानं काय म्हणालीस का न्हाय?"

खोटं बोलायचं त्राण आता उरलं नव्हतं. "पुढच्या वर्षी लवकर या."

एस्तेरबाई वळल्या. डोळे ओले होते, पण तोंडाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. त्या गोठ्यापाशी बसल्या. रांगतं बाळ गव्हाणीत मावेना, तेव्हा त्यांनी पाचट जरा पसरलं, एक मेंढरू सरकवलं आणि त्याला नीट टेकवलं. शेकडो बाळं आईच्या कुशीत ठेवलेला तो हात, त्याला घाई नव्हती.

कृष्णात कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरला आणि परत बाहेर आला. "बाई, लोणी फोटोत दिसणार बघा. लोक हसतील. चाकूनं खरवडून काढू?"

"हात लावू नगंस!" एस्तेरबाई पहिल्यांदाच ओरडल्या. मग सरोजिनीला हाताला धरून शेजारी बसवत म्हणाल्या, "तीन-तीन राजे आले. सोनं आणलं, ऊद आणला, गंधरस आणला. बाळाला खायला कुणी काय आणलं व्हतं का आजपातूर?"