जिराफाच्या मानेवरची रेघ

चिमुकल्यांच्या त्या पार्कला जायचा बेत दर रविवारी ठरायचा आणि दर रविवारी कुठली तरी लिफ्ट अडकायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो हत्यारांची पिशवी उचलून निघाला, की आई सहलीसाठी भरलेले डबे घरातच उघडायची. "सगळ्या गावाच्या लिफ्टा चालू करता, आम्ही मात्र कायम तळमजल्यावर!"

"पुढच्या रविवारी नक्की. पार्क काय पळून जातंय?"

अलीकडे चिंगीने विचारणंच सोडलं होतं.

शेवटी एकदाचा बाबाने फोन घरीच ठेवला. झोप डोळ्यांत घेऊनच तो दोघींना पार्कच्या फाटकाशी घेऊन आला. तिथे एक लाकडी जिराफ उभा होता. त्याच्या मानेवर लाल रेघ होती, तिच्याहून उंच मुलांना आत प्रवेश नव्हता.

चिंगी जिराफाला टेकून उभी राहिली. तिचं डोकं रेघेच्या चांगलंच वर गेलं.

"ही एवढी कधी झाली गं?" बाबाने आईला विचारलं.

चिंगीने बाबाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.



"काका, परत एकदा बघा ना," ती फाटकावरच्या माणसाला म्हणाली, आणि फ्रॉकच्या आत तिने हळूच गुडघे वाकवले.